घळीतली आंधळी वाम

३ फेब्रुवारी १९५९, मंगळवार. कसाल.

सरडा कुजला!

शाळेच्या प्रयोगशाळेतला — म्हणजे माझ्या एका कपाटातला — बाटलीतला सरडा. बूच सैल झालं, स्पिरिट उडून गेलं, आणि कुणाला पत्ता नाही. आज आठवीच्या वर्गात बाटली उघडली तर असा भपकारा आला की पुढच्या बाकावरचे चौघे उठून पळाले. दाराशी मी त्यांच्या आधी पोचलो होतो. विज्ञानाचा मास्तर!

हे कुणाला सांगायची सोय नाही, म्हणून इथे लिहितो. मला बुळबुळीत गोष्टींची शिसारी येते. बेडूक, गोगलगाय, दुधावरची साय — सगळं एका माळेतलं. प्राणिशास्त्र घेऊन पदवीधर झालो तो पुस्तकातल्या चित्रांवर. चित्रं कोरडी असतात.

सरडा शेवटी गणपतने चिमटीत उचलून बाहेर फेकला. गणपत हा आमच्या शाळेचा शिपाई. मग हात न धुता त्याच हाताने माझ्यापुढे चहा ठेवला. प्यालो नाही. वर म्हणतो कसा — “ह्यो काय सरडो, मास्तरानु! आमच्या गावात येवा. घळीत डोळे नसलेली वाम दाखयतंय.”

वाम म्हणजे सापासारखा लांबडा मासा, जामसंड्याला घरी कालवणात खाल्लेला. पण डोळे नसलेली? म्हटलं, म्हातारी होऊन आंधळी होत असेल. “नाय हो. डोळ्याक जागाच नाय. गुलाबी दिसता, नखाखालच्या मासासारखी.”

शी! पण दिवसभर तेच डोक्यात. होती नव्हती ती पुस्तकं उघडली. अशी वाम कुठेच नाही.

४ फेब्रुवारी.

सरांना पत्र टाकलं. मुंबईला कॉलेजात मला शिकवलं ते सर. हसले तर हसोत.

१७ फेब्रुवारी, मंगळवार.

सर हसले नाहीत! चार पानी उत्तर. निम्मी पानं स्वतःबद्दल — नेहमीप्रमाणे. पण शेवटचा परिच्छेद तीनदा वाचला. “जूनपासून आमच्याकडे डेमॉन्स्ट्रेटरची जागा रिकामी होते. अर्जांचा ढीग आहे. मंडळ ११ एप्रिलला बसेल. त्या टेबलावर तुझा मासा असला तर बाकीचे अर्ज मी बाजूला सारीन. मासा नसला तर तू जामसंड्याचा एक मुलगा, इतकंच.”

ही वाक्यरचनासुद्धा ओशट वाटते. पण खोटं काय आहे त्यात? एकतीस वर्षांचा झालो. इथे राहिलो तर आणखी सत्तावीस वर्षं हेच कपाट, हेच कुजणारे सरडे. मला कॉलेजातली पांढऱ्या फरशीची प्रयोगशाळा हवी. नळ सोडला की हात धुता येतात अशी. हसू येतं, पण मनातली खरी इच्छा एवढीच आहे.

मासा हवा. एक.

१ मार्च, रविवार. संध्याकाळी.

तीनदा आंघोळ केली. शिकेकाई संपली. वास जात नाही. नाकातच घर करून बसला आहे.

पहाटे गणपतबरोबर निघालो. त्याचं गाव कुंडवणे, इथून पूर्वेला सहा मैल. चार मैल सडक, मग व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, कडेने जेमतेम बैलगाडी जाईल अशी वाट. व्हाळ अकरा वेळा ओलांडला. कडेला काजूची बोंडं पडून सडलेली, त्यांच्यावर चिलटांचे ढग. झाडावरून मानेत लाल मुंग्या पडल्या. गणपत मुंग्यांचं पान तोडून म्हणतो, ह्याची चटणी चांगली होते. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

त्याच्या घरी त्याची आई. नाव सुभद्रा, सारा गाव ‘आये’ म्हणतो. सत्तरी उलटलेली, तोंडात चारदोन दात, खोकल्याची ढास. खोकली की पदरात थुंकते आणि तोच पदर पुन्हा खांद्यावर! तिने पोहे पुढे ठेवले. पोटात बिघाड आहे म्हणून सांगितलं.

त्यांच्या घराकडे त्या घळीचा मान आहे. दर सोमवारी आये आत जाऊन माशांना भाताची मूठ घालते. लग्न होऊन आली तेव्हापासून. त्याआधी तिची सासू घालायची. का, तर ते मासे राखणदाराचे. राखणदार म्हणजे घळीच्या तोंडाशी शेंदूर फासलेला एक दगड.

परक्या माणसाला आत जायचं तर त्या दगडापुढे जामीन द्यावा लागतो. ही गंमत मला वाटेत कुणी सांगितली नव्हती. दहा-पंधरा माणसं जमली. एका म्हाताऱ्याने गाऱ्हाणं घातलं — “बा देवा म्हाराजा, हो मास्तर भितर जातासा. बघतलो नि येतलो. भितरला काय भायर नेवचो नाय. नेल्यान तर ता गणपताच्या माथ्यार!” सगळे एका सुरात, “व्हय म्हाराजा!” आणि गणपतने नारळावर हात ठेवला.

मी म्हटलं, नेलं तर माझ्या माथ्यावर घाला की. त्याच्या का? म्हातारा शांतपणे म्हणाला, “तुमका हो देव वळखणा नाय.”

ओळख नसली तर देवसुद्धा दारात उभं करत नाही. मग मुंबईचं मंडळ काय वेगळं करतं?

आता घळ. जांभ्या दगडात एक फट, तीतून व्हाळ बाहेर येतो. वाकून आत शिरलो. गुडघाभर पाणी, कोमट. वीस पावलांवर उजेड संपला आणि वास सुरू झाला. मुतारी, कुजलेला नवसागर, ओलं चामडं — सगळं एकत्र. डोळ्यांतून पाणी. वर बॅटरी मारली. छत हलत होतं! छत नव्हतंच ते, वटवाघळं. हजारो, एकमेकांना चिकटून, कुरकुरत, चावत, मुतत. तोंड उघडं ठेवून पाहत राहिलो हा माझा मूर्खपणा. जिभेवर एक थेंब पडला. पुढचं लिहीत नाही.

कडेच्या कोरड्या जागी वाघळांच्या लेंड्यांचे ढिगारे, कमरेएवढे. तेही हलत होते. झुरळं! ढीगच्या ढीग झुरळांनी भरलेले. भिंतीला एक पसरट प्राणी, कोळ्यासारखा, पण पुढचे पाय वीतभर लांब, सुतळीसारखे. त्यांनी तो भिंत चाचपत माझ्या कानाकडे येत होता. मी किंचाळलो. हे गणपतने शाळेत सांगू नये म्हणजे मिळवली.

आणि पुढे आये. अनवाणी! त्या लेंड्यांतून, त्या झुरळांतून, पदर खोचून, हातात माडाच्या झावळीची पेटती चूड घेऊन चाललेली. शेवटी एक डबकं आहे, तिथे ती उकिडवी बसली. पाण्यावर तळवा दोनदा थापटला, जिभेने टकटक केलं. “येवा गो बायांनो.”

आल्या. वीतभर लांब, करंगळीएवढ्या जाड. गुलाबी, आतली शीर दिसावी इतक्या पातळ कातडीच्या. डोकं नुसतं गुळगुळीत. डोळ्यांच्या जागी काही नाही, खाचसुद्धा नाही. तिच्या बोटांमधून सरपटत भात खाऊ लागल्या. तोंडाच्या जागी कातडीची घडी उघडत-मिटत होती.

कुणाही शास्त्रज्ञाचा ऊर भरून आला असता. माझा गळा भरून आला. बाहेर येऊन दगडापासून चार हातांवर ओकलो. गणपत पाठ चोळत होता. त्याच हाताने.

पण नवी आहे ती. नक्की नवी. पृथ्वीवर कुठल्याही पुस्तकात नाही!

९ मार्च, सोमवार.

फॉर्मलिन मागवलं होतं. उत्तर आलं, “शिल्लक नाही.” स्पिरिटसाठी परवाना लागेल, अर्ज करा, दोन महिने. अकरा एप्रिलला महिना राहिला.

मासा टिकवायचा तर दारू पाहिजे. मुंबई राज्यात दारूबंदी. माझ्या शेजारी रॉक शिंपी. त्याच्याकडे गोव्याची फेणी कुठून येते हे कसालमध्ये सर्वांना माहीत आहे आणि कुणालाच माहीत नाही.

११ मार्च.

गेलो रॉककडे. मागच्या दाराने. रॉक शिलाईयंत्रावरून मान वर करून हसला — “तुमी सुद्दा, मास्तरानु?” शास्त्रासाठी, म्हटलं. “शास्त्रासाठीच घेतत सगळे.” बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून दिली. येताना वाटेत तीन पालक भेटले. तिघांनी नमस्कार केला, तिघांनी बाटलीकडे पाहिलं. आयुष्यात थेंब घेतला नाही आणि आता गावभर दारुडा! वासानेच मळमळतं.

गणपतला सांगितलं, येत्या रविवारी पुन्हा जाऊ. पाण्याची मोजमापं घ्यायची आहेत. लगेच तयार. त्याच्या चेहऱ्यावर संशयाचा मागमूस नाही, याचाच राग आला.

१५ मार्च, रविवार. कुंडवणे.

मिळाली!

गणपतच्या घरी लोट्यावर, म्हणजे पुढच्या ओसरीवर, पाय लांब करून बसून हे लिहितो आहे. उजवा घोटा भोपळ्यासारखा सुजला आहे. कारण सांगायला लाज वाटते — वाघळांच्या लेंडीवरून घसरलो. कोपरापर्यंत हात त्या ढिगात गेला. आतून तो गरम होता.

पण पडण्याआधी काम झालं होतं. गणपत तोंडाशी दोरी धरून उभा, मी टोक घेऊन आत. डबक्यापाशी तिच्यासारखं पाणी थापटलं, टकटक केलं. त्या आल्या. आंधळ्या त्या, हात कुणाचा हे त्यांना काय कळणार? रुमाल पाण्याखाली धरला आणि एक उचलली. रुमालातून तिची वळवळ — नको! फेणीत टाकली. दोन मिनिटं तडफडली. मी दुसरीकडे पाहिलं. बाटली पिशवीत, वर टॉवेल.

आज इथेच मुक्काम. उद्या बैलगाडी मिळेल. गणपत पायाला हळद-चुना लावतोय आणि म्हणतोय, “माझ्यामुळे तुमका तरास.” गप्प बस म्हणून ओरडलो त्याच्यावर.

तो देवबीव सगळं थोतांड आहे. माथ्यावर काय येणार? दगड उठून येणार आहे का?

१६ मार्च, सोमवार. कसाल, दुपारी.

लिहितो आहे ते रागाने की किळसेने, मला ठरवता येत नाही.

सकाळी काठीच्या आधाराने मागच्या दारी तोंड धुवायला गेलो. दहा मिनिटं फार तर. परत आलो तर माझी पिशवी उघडी. आये चुलीपाशी बसलेली. पुढ्यात बाटली. रिकामी!

आणि ती चावत होती.

चारदोन दातांनी काय चावणार? नुसती गालफडं हलत होती. ओठांच्या कोपऱ्यातून शेपटीचं टोक बाहेर, फेणीत पांढरं पडलेलं. बोटाने तिने ते आत लोटलं. गिळलं. गळ्याची घाटी वर गेली, खाली आली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मग पदराने तोंड पुसून माझ्याकडे बघून म्हणाली, “खोकलो लय झालो मास्तरानु. दारवेन बरां वाटता.”

मी आयुष्यात खूप ओंगळ पाहिलं. वाघळांची घळ पाहिली. पण असं काही नाही! दारूच्या वासाने पिशवी उचकटणारी, बाटलीत तळाशी काय आहे हे न बघता सगळं नरड्यात ओतणारी म्हातारी! माझं कॉलेज, माझी जागा, सगळं त्या नरड्यातून खाली गेलं.

माझा तोल सुटला. ओरडलो. “थेरडे! काय खाल्लंस माहीत आहे? ती घळीतली वाम होती! तुझ्या देवाची!”

गणपत अंगणात बैलगाडी जोडत होता. गाडीवाला बाबू बरोबर. शेजारची दोन माणसं. सगळ्यांनी ऐकलं.

गणपतने बैलाचा कासरा खाली ठेवला आणि घराच्या पायरीवर बसला. आये चुलीतल्या राखेकडे बघत राहिली. शेवटी बाबूनेच मला गाडीत चढवलं. सहा मैल तो एक शब्द बोलला नाही. बैलांशीसुद्धा नाही.

१९ मार्च.

गणपत शाळेत नाही. घंटा मीच देतो.

२५ मार्च, बुधवार.

शिमगा झाला. गणपत नाही. रॉककडून कळलं, बाबूने त्याला सांगितलं — कुंडवण्यात गणपतच्या घराला कुणी शिमग्याला बोलावलं नाही. त्याच्या दारात पालखी थांबली नाही. जामीन मोडला ना!

एका माशासाठी माणसं माणसाला वाळीत टाकतात. या अडाणीपणाचा उबग आला आहे. (मासा कुणी काढला, हा प्रश्न मी स्वतःला विचारू नये म्हणून एवढं लांब लिहितो आहे. कळतं मला.)

२८ मार्च, शनिवार.

गणपत आला. डोळे खोल गेलेले. मी शिव्यांची वाट पाहत होतो. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्याने हात जोडले!

“आये जेवणा नाय, मास्तरानु. त्या दिवसापासून. शहाळ्याचा पाणी घेता तेवढाच. बोलणा पण नाय. तुमी एक करा. देवाकडे येवा नि सांगा, ती वाम भायरल्या व्हाळातली होती, घळीतली नाय. तुमी रागान तसा बोललास. तुमी सांगलास तर गाव मानतलो. आये जेवतली.”

म्हणजे नारळावर हात ठेवून खोटी शपथ घ्यायची. मी. ज्याचा त्या दगडावर विश्वास नाही त्याने. मग अडचण काय आहे? पण अडचण आहे. दोन रात्री जागून मी सरांना लिहिलेलं टिपण टेबलावर आहे — स्थळ, खोली, पाण्याचं तापमान. आणि गावासमोर म्हणायचं की असं काही मी काढलंच नाही.

“येतो,” म्हणालो.

तो पाया पडला. पाय मागे घेतले. त्याच्यामागे दार लावलं आणि मला एक कल्पना सुचली. ती इथे लिहिल्याशिवाय राहवत नाही, कारण ही वही तरी माझी खोटी नसावी. कुंडवण्याला जायचंच आहे. घळ तिथेच आहे. रॉककडे अजून एक बाटली आहे.

२९ मार्च, रविवार.

घेतली शपथ. दगडापुढे, नारळावर हात. “ती वाम व्हाळातली होती. घळीतली नव्हती. मी रागाच्या भरात बोललो.” प्रमाण मराठीत बोललो, ऑफिसात बोलतात तसं. म्हाताऱ्याने ते मालवणीत देवाला सांगितलं. “व्हय म्हाराजा!”

आये खांबाला टेकून ऐकत होती. चिपाड झालेली. माझ्याकडे बघत होती, सगळा वेळ, पापणी न हलवता. मग गणपतला खूण केली. त्याने पेज आणली. चार चमचे घेतली. बायका रडल्या. गणपत तर लहान मुलासारखा हुंदके देऊन रडला. कुणीतरी माझ्या हातात पानाचा विडा दिला. सगळे किती आनंदात! खोट्याने पोटं भरतात यांची. किळस आली — पण कुणाची, हे नीट सांगता येत नाही.

मग गणपतच म्हणाला, “घळीत जावन येवा. तुमची मोजणी अर्धी रवली ना? आज मी भायर थांबतंय. तुमची शपत झाली, आता देव तुमका वळखता.”

गेलो. एकटा. घोटा दुखत होता. वाघळं तीच, झुरळं तीच, तो वीतभर पायांचा प्राणी तिथेच. पाणी थापटलं. यावेळी रुमाल काढला नाही. हातानेच धरली. बुळबुळीत, बोटांत पीळ घालणारी.

हाताला काहीच वाटलं नाही. मळमळ नाही. शहारा नाही. बाहेर आलो, गणपतच्या खांद्यावर हात ठेवून चालत गावात आलो. त्याच्या घरी पोहे खाल्ले.

१ एप्रिल, बुधवार.

रॉकची बहीण ईडा मुंबईला नर्स आहे. ईस्टरसाठी आली होती, आज मालवणहून आगबोटीने परत. तिच्याबरोबर बाटली दिली. वर चिठ्ठी: कोकमाचं आगळ. ईडा म्हणाली, “मास्तर, हालवल्यार भितर काय तरी फिरता!” मसाला आहे, म्हणालो. आता खोटं बोलायला सराव लागत नाही.

१८ एप्रिल, शनिवार.

झालं! सरांचं पत्र. मंडळाने एकमताने. ८ जूनला रुजू व्हायचं. “मासा पाहून सगळे थक्क! अत्यंत महत्त्वाचा नमुना. निबंध मी लिहितो आहे, तुझा उल्लेख तळटीपेत येईल.”

तळटीप! माझ्या कोपरापर्यंत लेंडी, माझ्या जिभेवर वाघळाचं मूत, आणि सरांचा निबंध. वाचून थुंकावंसं वाटलं. पण हसलोही. सर सरच आहेत. पांढऱ्या फरशा तरी मिळाल्या.

गणपतला सांगितलं. त्याला माझ्याहून जास्त आनंद. मुख्याध्यापकांना न विचारता त्याने घंटा दिली, मुलांना सुटी! म्हणे आये आता भात खाते, काठी घेऊन चालते. सोमवारी स्वतः घळीत जाणार. इतके दिवस तिच्याऐवजी तोच भात टाकून यायचा, बाहेरूनच, घाईघाईत.

२१ एप्रिल, मंगळवार.

सकाळी अकराच्या सुमाराला दारात आये. एकटी. गणपत शाळेत. सहा मैल काठी टेकत चालत आली होती. बस म्हटलं, बसली नाही. पाणी दिलं, घेतलं नाही.

“त्या दिवशी माका ठावक होता बाटलेत काय ता. पन्नास वर्सां भात घातलंय, वळखूचंय नाय? मेलेली परत सोडूक येणा नाय. भायर गेली असती तर झिलाच्या, गणपताच्या, माथ्यार. तुमी तोंड धुवक गेलास, तेवढोच वेळ होतो. म्हणान गिळलंय. माझ्या पोटात रवली तर गावातच रवली. तुमी बोंब मारलास नसती तर कोणाक कळाचा नाय होता.”

खोकली. पदरात थुंकली. मी तिच्या पदराकडे बघत राहिलो.

“शपत घेतलास, खोटी. पण गावान मानल्यान, झिलाच्या माथ्यावरचा उतारला. म्हणान पेज घेतलंय. काल घळीत गेलंय नि मोजलंय. सात होत्यो. एक मी खाल्लंय. पाचच आसत, मास्तरानु. दुसरी खंय आसा?”

खोटं बोलता आलं असतं. सराव झाला आहे.

“मुंबईत,” मी म्हणालो.

“मुंबई लांब?”

“हो.”

तिने काठी दुसऱ्या हातात घेतली. “तर मगे ता माझ्या माथ्यार. माका आता जेवक नको,” म्हणाली. “गणपताक सांगा नकात.” आणि काठी टेकत उन्हातून परत निघाली.